‘नवे’ म्हणजे नेमके काय? : मांडणीतील वस्तूंची विक्री आणि ग्राहकाचे हक्क

बदली ही बँक कर्मचाऱ्याच्या आयुष्यातील नित्याची घटना आहे आणि बदलीपाठोपाठ नव्या गावी संसार मांडणे हेही ओघाने आलेच. महाराष्ट्रातून बदली होऊन जयपूरला गेलेल्या एखाद्या कुटुंबाने तेथील वैशाली नगरात घर घेतले, असे उदाहरणादाखल गृहीत धरावे. शहराच्या पश्चिम भागातील ही वसाहत निवासी तशीच व्यापारीही आहे. आम्रपाली सर्कलच्या परिसरात खरेदीला गेलेले हे कुटुंब एका दुकानात भिंतीवर चालू असलेला मोठा दूरचित्रवाणी संच पसंत करते. ‘या मॉडेलचा गोदामात एवढा एकच नग शिल्लक आहे, पुढच्या खेपेला दर वाढतील,’ असे विक्रेता सांगतो. पूर्ण रक्कम भरली जाते आणि दुसऱ्या दिवशी संच घरी येतो.

खोके उघडताना मात्र शंका येऊ लागते. चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसते. रिमोटची पिशवी आधीच फाडलेली असते. भिंतीवर बसविण्याच्या खाचांत स्क्रूचे ओरखडे असतात आणि फिकट पार्श्वभूमीवर पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीच्या जाहिरातीची पुसट सावली उमटलेली दिसते. दुकानात विचारणा केली असता उत्तर मिळते की, नग नवाच आहे, तो केवळ मांडणीसाठी लावला होता आणि ग्राहकाने तो स्वतः पाहूनच घेतला आहे.

या उत्तरातील दोन्ही विधाने वरवर पाहता खरी वाटतात. तो संच यापूर्वी कोणालाही विकला गेलेला नसतो आणि ग्राहकाने तो डोळ्यांनी पाहिलेलाही असतो. मग त्याची फसवणूक झाली असे म्हणता येईल काय? आणि झाली असल्यास त्याने कोणाकडे व कशी दाद मागावी? प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार केला आहे.

मांडणीत वस्तूची झीज होते काय?

दुकानातील दूरचित्रवाणी संच सामान्यतः दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू असतो. गिऱ्हाइकाचे लक्ष वेधावे म्हणून त्याची प्रखरताही बहुधा सर्वाधिक ठेवलेली असते. दररोज १० तास याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस तो चालला, तर वर्षाअखेर त्याचा वापर ३,००० तास होतो. घरी दररोज ४ तास संच पाहणाऱ्या कुटुंबाला एवढा वापर करण्यास ७५० दिवस, म्हणजे दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. याचा अर्थ असा की, वर्षभर मांडणीत राहिलेला संच ‘नवा’ म्हणून घरी येतो, तेव्हा तो वापराच्या हिशेबाने दोन वर्षांचा झालेला असतो.

इतर वस्तूंचेही असेच आहे. मोबाइल व लॅपटॉपची बॅटरी वारंवार चार्ज झाल्याने, तसेच सतत चार्जिंगवर राहिल्याने आपली क्षमता गमावते. फ्रिजच्या दाराचे रबर दिवसभराच्या उघडझापीने सैल पडते. काचेलगत ठेवलेल्या सोफ्याच्या कापडाचा रंग उन्हाने विटतो. चाचणीसाठी वापरलेली मोटार अनेक अननुभवी हातांतून गेलेली असते आणि तिचे इंजिन, क्लच व टायर यांवर त्याचा परिणाम होतो.

वाहनाच्या बाबतीत वयालाच पैशाचे मोल असते. मोटार विम्याच्या प्रस्थापित तक्त्यानुसार वाहनाचे घोषित विमा मूल्य ठरविताना सहा महिन्यांपर्यंतच्या वाहनावर ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के घसारा धरला जातो. मांडणीतील किंवा जुन्या बनावटीची वस्तू पूर्ण किमतीला घेणारा ग्राहक हा घसारा पहिल्याच दिवशी आपल्या खिशातून भरत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मांडणीतील वस्तू विकणे हा गुन्हा नाही. ‘हा डिस्प्ले पीस आहे, म्हणून एवढी सवलत’ असे सांगून व तसे बिलावर लिहून देणारा व्यापारी प्रामाणिक व्यवहार करीत असतो आणि ग्राहकालाही त्यात लाभ असतो. आक्षेप आहे तो ही बाब दडवून नव्या वस्तूची किंमत घेण्याला.

कायद्याची भूमिका

या विषयाचा पाया वस्तू विक्री अधिनियम, १९३० मध्ये आहे. त्यातील कलम १५ वर्णनानुसार केलेल्या विक्रीविषयी, तर कलम १७ नमुन्यानुसार केलेल्या विक्रीविषयी आहे. वर्णन सांगून वस्तू विकली असेल, तर दिलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. नमुना दाखवून विकली असेल, तर माल नमुन्याप्रमाणे असला पाहिजे. नमुना आणि वर्णन या दोन्हींनुसार विक्री झाली असेल, तर वस्तू नमुन्याशी जुळते एवढे पुरेसे नाही, ती वर्णनाशीही जुळली पाहिजे, असे कलम १५ स्पष्टपणे सांगते.

वैशाली नगरातील कल्पित दुकानदाराच्या युक्तिवादाला यात उत्तर आहे. भिंतीवरील संच ग्राहकाने पाहिला, तो नमुना म्हणून. परंतु त्याला जे विकले गेले ते ‘नवा संच’ या वर्णनाने. म्हणून ‘पाहून घेतला’ एवढे म्हणून विक्रेत्याची सुटका होत नाही. मात्र याच कायद्यातील कलम १६ ग्राहकालाही सावध करते. ग्राहकाने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत सहज दिसून यावयास हवे होते अशा दोषाबद्दल त्याला मागाहून त्या कलमाचा आधार घेता येत नाही. तसेच कलम ४२ नुसार, वस्तू नाकारीत असल्याचे विक्रेत्याला न कळविता ती वाजवी कालावधीपेक्षा अधिक काळ ठेवून घेतली, तर ग्राहकाने ती स्वीकारली असे मानले जाते. म्हणूनच वस्तू घेताना बारकाईने पाहणे आणि शंका येताच लेखी कळविणे, ही दोन्ही कामे महत्त्वाची ठरतात.

ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. त्यामागे ग्राहक चळवळीचे मोठे परिश्रम होते. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तर जयपूरमध्ये १९८३ साली ‘कट्स’ या नावाने पुढे परिचित झालेल्या कन्झ्युमर युनिटी अँड ट्रस्ट सोसायटीचे कार्य सुरू झाले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. हाच दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आहे.

या अधिनियमाच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या दिली आहे. पुन्हा जुळविलेली, दुसऱ्याने वापरलेली, नूतनीकरण केलेली, दुरुस्त केलेली किंवा जुनी वस्तू नवी असल्याचे खोटे भासविणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. असे विधान तोंडी असो, लेखी असो किंवा मांडणीतून सूचित केलेले असो, ते या व्याख्येत येते. ‘डिस्प्ले पीस’ हा शब्द कायद्यात स्वतंत्रपणे आलेला नाही. त्यामुळे संबंधित नग किती काळ व कसा वापरला गेला आणि ही माहिती ग्राहकापासून लपविली गेली काय, यावर प्रत्येक प्रकरणाचा निर्णय अवलंबून राहतो.

त्याच व्याख्येत आणखी दोन उपयुक्त तरतुदी आहेत. विक्री केल्यावर बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे वाक्य बिलाच्या तळाशी छापले, म्हणून ग्राहकाचा हा हक्क नाहीसा होत नाही.

गोव्यातील मोटारीचा खटला

कायदा ग्राहकाच्या बाजूने असला, तरी जबाबदारी कोणावर येते, हा प्रश्न उरतोच. गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या ग्राहकाने २०११ च्या बनावटीच्या मोटारीची किंमत मोजली होती. आपल्याला मिळालेली गाडी २००९ च्या बनावटीची असून ती ६२२ किलोमीटर धावलेली आहे, तिच्या खालच्या भागाला गंज चढला आहे आणि अंगावर ओरखडे आहेत, अशी त्याची तक्रार होती. पैसे परत मिळावेत किंवा गाडी बदलून मिळावी, एवढीच त्याची मागणी होती.

जिल्हा मंचाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला आणि विक्रेता व उत्पादक कंपनी या दोघांनाही जबाबदार धरले. राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगानेही तो निकाल कायम ठेवला. त्याविरुद्ध उत्पादक टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील मान्य केले. विक्रेता हा कंपनीचा नोकर वा प्रतिनिधी नसून कंपनीकडून गाड्या विकत घेणारा स्वतंत्र व्यापारी होता. त्याने केलेल्या गैरव्यवहाराची कंपनीला विशेष माहिती होती किंवा त्यात तिचा सहभाग होता, हे ग्राहकाने आपल्या तक्रारीत मांडले नव्हते व सिद्धही केले नव्हते. म्हणून कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. विक्रेत्याविरुद्धचे निष्कर्ष मात्र योग्य असल्याचे न्यायालयाने नमूद केले.

या निकालातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, जुनी किंवा वापरलेली वस्तू नवी म्हणून दिल्यास त्याचे उत्तर प्रथम विक्रेत्याने द्यावयाचे आहे. नामांकित कंपनीचे नाव वस्तूवर आहे, म्हणून दुकानदाराच्या कृत्याची भरपाई कंपनी करील, असे गृहीत धरता येत नाही. खरेदीपूर्वी वस्तूच्या नावाइतकीच दुकानाच्या लौकिकाचीही चौकशी करावी, ती याचसाठी. दुसरा बोध असा की, कंपनीलाही प्रतिवादी करावयाचे असेल, तर तिला काय माहीत होते, याचा लेखी पुरावा उभा केला पाहिजे. ग्राहकाने कंपनीला वेळीच पत्र किंवा ई-मेल पाठवून सर्व हकीकत कळविली, तर निदान त्यापुढील काळासाठी कंपनीला अनभिज्ञतेचा दावा करणे कठीण जाते. निर्मितीतील दोषाची गोष्ट निराळी. तेथे उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्रपणे येते आणि २०१९ च्या अधिनियमात त्यासाठी उत्पादन दायित्वाचे वेगळे प्रकरणच आहे.

दाद कोठे मागावी?

पहिले पाऊल म्हणजे विक्रेत्याला लेखी तक्रार. तिचा उपयोग झाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ही सेवा मिळते. ही व्यवस्था न्यायालयीन नाही, परंतु अनेकदा खटल्यापूर्वीच तडजोड घडवून आणण्यास ती उपयोगी पडते.

तरीही प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटी रुपयांपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असेल, तर राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करावी लागते. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीसाठी शुल्क नाही. तक्रार ग्राहकाला स्वतः मांडता येते, वकील नेमणे सक्तीचे नाही. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करण्याचीही सोय आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावयास हवी.

बदलीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने २०१९ च्या अधिनियमातील एक सुधारणा विशेष महत्त्वाची आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही आता त्याला तक्रार करता येते. पुण्यात खरेदी केलेल्या वस्तूबद्दल जयपूरला राहणारा ग्राहक जयपूरमध्ये, तर जयपूरहून नागपूरला बदलून आलेला ग्राहक नागपुरात दाद मागू शकतो.

विरुद्ध पक्षाला उत्तर देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि ती फार तर आणखी १५ दिवसांनी वाढविता येते. ही मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. दोष सहज दिसणारा नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. तक्रार सिद्ध झाल्यास दोष दूर करणे, नवी निर्दोष वस्तू देणे, किंमत व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई व खर्च देणे आणि अनुचित प्रथा बंद करणे, असे आदेश देता येतात. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वाद किती लांबू शकतो, हे गोव्यातील प्रकरणावरून दिसतेच. म्हणून वादाची वेळ येऊ नये अशी खरेदी करणे, हेच अधिक श्रेयस्कर होय.

एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारी व्यक्ती या कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाऱ्याचा याला अपवाद आहे.

कर्जाऊ खरेदी आणि बँक

अनेक ग्राहक वाहन किंवा गृहोपयोगी वस्तू कर्जाने घेतात आणि बँक कर्जाची रक्कम सामान्यतः थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा करते. वस्तूविषयी वाद उद्भवल्यास काही ग्राहक रागाच्या भरात हप्ते भरणे थांबवितात. हे सर्वस्वी अहितकारक आहे. ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील विक्रीचा करार वेगळा आणि ग्राहक व बँक यांच्यातील कर्जाचा करार वेगळा असतो. हप्ता थकल्यास दंड बसतो आणि पतविषयक अहवालात त्याची नोंद होऊन पुढील कर्ज मिळणे अवघड होते. हप्ते नियमित भरीत राहावे आणि सोसावे लागलेले व्याज विक्रेत्याकडून मागावयाच्या भरपाईत धरावे, हा योग्य मार्ग होय.

बँकेच्या दृष्टीनेही हा विषय दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोन वर्षे जुनी गाडी नवी म्हणून तारण दाखविली गेली, तर तारणाचे मूल्य आरंभापासूनच कमी भरते. कर्ज वितरणानंतरच्या पाहणीत इंजिन व चॅसिस क्रमांकाबरोबर निर्मितीचा महिना व वर्ष पडताळून पाहणारा अधिकारी बँकेचे आणि ग्राहकाचे असे दोघांचेही हित जपत असतो.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची काळजी

१. ‘नवी, सीलबंद वस्तू द्यावी’ असे मागणी नोंदवितानाच पावतीवर लिहून घ्यावे. बिलावर मॉडेलच्या नावासोबत अनुक्रमांकही लिहवून घ्यावा.

२. वस्तू मांडणीतील असेल, तर तसा उल्लेख, दिलेली सवलत आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू होते, हे बिलावर नमूद करून घ्यावे. मांडणीतील वस्तू असल्याचे जाणून सवलतीत घेतल्यास त्या कारणावरून नंतर तक्रार करता येत नाही, मात्र कबूल केलेल्या वॉरंटीचा हक्क अबाधित राहतो.

३. खोक्यावरील आणि वस्तूवरील अनुक्रमांक जुळतात काय, ते पाहावे. खोक्यावर निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते, तेही वाचावे.

४. मोबाइलवर *#०६# ही कळ दाबून येणारा पंधरा अंकी क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा केंद्रात वॉरंटीची तारीख विचारावी. ती खरेदीच्या आधीच सुरू झालेली दिसल्यास फोन पूर्वी वापरात आला असण्याचा संभव असतो.

५. मोटारीचा ताबा घेण्यापूर्वी, शक्यतो नोंदणी होण्याआधी, दिवसाउजेडी तिची पाहणी करावी. गोदामातून दुकानात आणताना थोडे किलोमीटर होणे स्वाभाविक आहे, पण आकडा शेकड्यांत असल्यास लेखी खुलासा मागावा. चॅसिस क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष कागदपत्रांशी जुळवून पाहावे.

६. घरपोच आलेले खोके उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. पोचपावतीवर सही करण्यापूर्वी दिसलेला दोष तिच्यावरच लिहावा.

७. पैसे शक्यतो कार्ड, धनादेश किंवा खात्यातून भरावेत. त्यामुळे व्यवहाराची तारीख व रक्कम यांचा पुरावा आपोआप तयार होतो.

८. शंका येताच वस्तूचा वापर थांबवावा आणि विक्रेत्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. तोंडी आश्वासनांवर आठवडे घालवू नयेत.

‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण न पाहता केलेल्या सौद्याविषयी आहे. मांडणीतील वस्तूच्या बाबतीत म्हैस डोळ्यांसमोर उभी असते, वय मात्र फक्त विकणाऱ्याला माहीत असते. ते सांगण्याची जबाबदारी कायद्याने विक्रेत्यावर टाकली आहे आणि ते विचारण्याचा अधिकार ग्राहकाला दिला आहे. वैशाली नगरातील त्या कुटुंबाने पैसे देण्यापूर्वी ‘हा संच मांडणीतील आहे काय? तसे बिलावर लिहून द्या,’ एवढेच म्हटले असते, तर त्याला सवलत तरी मिळाली असती किंवा सीलबंद संच तरी. आणि बिलावर ‘नवा’ असे लिहून घेऊनही जुना संच घरी आला असता, तर तोच कागद आयोगापुढे त्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला असता.